लग्नानंतर कागदोपत्री नाव बदलताना: आधी काय, मग काय, आणि कुठे अडतं

उंबरठा (धागाकर्ती)

लग्नानंतरच्या नावबदलाची माहिती इथे बऱ्याच धाग्यांत विखुरली आहे आणि त्यातली निम्मी जुनी झाली आहे. म्हणून एका जागी मांडते. ही पद्धत महाराष्ट्रात लग्न नोंदवणाऱ्यांसाठी आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

सगळ्यात आधी हे वाचा: लग्न झालं म्हणून नाव बदलायलाच हवं असा कोणताही कायदा नाही. बँकेच्या काउंटरवर, एजंटकडे, नातेवाइकांत "करावंच लागतं" असं ठासून सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. माहेरचं नाव ठेवूनही संयुक्त खातं निघतं, गृहकर्ज मिळतं, पासपोर्टवर पतीचं नाव लागतं, बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव लागतं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हाताशी असलं की झालं.

बदलायचंच ठरलं तर आपल्याकडची खरी गुंतागुंत लक्षात घ्या. आपलं नाव तीन भागांचं. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव असे दोन भाग एकदम बदलतात, काही घरांत पहिलंही बदलतं. या बदलांना लागणारे कागद सारखे नाहीत. फक्त मधलं नाव आणि आडनाव बदलत असेल तर मॅरेज सर्टिफिकेटवर भागतं, कारण त्यावर नवऱ्याचं पूर्ण नाव असतं आणि नवं नाव त्यातूनच येतं. पहिलं नाव बदललं की तेच प्रमाणपत्र अपुरं पडतं. सुनीताची स्वराली झाली हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्रात छापून आलेली नावबदलाची जाहिरात, लागतंच.

क्रम असा ठेवा: मॅरेज सर्टिफिकेट, गरज असेल तर गॅझेट, मग आधार, मग पॅन, मग बँक आणि पीएफ. पासपोर्ट, मतदार यादी, लायसन्स, रेशनकार्ड हे त्यानंतर सवडीने. क्रम उलटा झाला की आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि बँकेत तिसरं नाव होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

दप्तरदार

चांगला धागा. पहिल्या पायरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचे निम्मे घोटाळे तिथेच जन्माला येतात.

राज्यात विवाह नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्र विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली होते. शहरात महापालिकेचं प्रभाग कार्यालय किंवा नगरपरिषद, गावात ग्रामपंचायत. लग्नापासून ९० दिवसांत नोंद करायची. उशीर झाला तरी नोंद होते, विलंब शुल्क पडतं एवढंच. नमुना 'ड' भरायचा, त्यावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दोघांच्या सह्या, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताची किंवा काझींची सही. सोबत दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नविधीचा फोटो. हाती येतं ते प्रमाणपत्र म्हणजे नमुना 'ई'.

आता मुख्य मुद्दा. वधूच्या रकान्यात लग्नाआधीचं नाव लिहायचं, जसं दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच. पुष्कळ ठिकाणी हौसेने किंवा एजंटच्या सांगण्यावरून तिथे सासरचं नाव लिहिलं जातं. मग प्रमाणपत्र नव्या नावाचं, शाळेचे सगळे कागद जुन्या नावाचे, आणि दोघांना जोडणारा कागदच उरत नाही. ज्या प्रमाणपत्रावर पुढची सगळी भिस्त, तेच निरुपयोगी होतं. दुरुस्ती होते, पण पुन्हा त्याच कार्यालयात अर्ज, पुन्हा पुरावे, पुन्हा वाट बघणं.

विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या कायद्याने, ३० दिवसांची नोटीस देऊन विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न केलं असेल तर तेच प्रमाणपत्र पुरेसं आहे. महापालिकेत वेगळी नोंद करायची गरज नाही.

निळी_शाई

दप्तरदारांच्या मुद्द्याला जोडून. नवऱ्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग अर्ज भरायच्या आधी तपासा. त्याचा आधार, पॅन आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. वाघमारे डब्ल्यूने की व्हीने, चव्हाणात व्हीनंतर एच आहे की नाही, विजयकुमार एक शब्द की दोन, मधल्या नावापुढे राव आहे की नाही. त्याच्याच कागदांत फरक असेल तर आधी ते सरळ करून घ्या. नाहीतर त्याची चूक बायकोच्या प्रत्येक कागदावर छापली जाते.

मग एका कोऱ्या कागदावर नवं नाव मराठीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. प्रत्येक खिडकीवर तोच कागद पुढे करा. तोंडी सांगितलेलं नाव ऑपरेटर त्याच्या सवयीच्या स्पेलिंगने टाकतो.

कोरा_कागद

प्रश्न आहे. फक्त आडनाव आणि मधलं नाव बदलत असेल तरीही गॅझेट करून ठेवावं का? काही जण म्हणतात कराच, काही म्हणतात पैसे वाया.

दप्तरदार

माझं मत: करू नका. मॅरेज सर्टिफिकेट हा कायदेशीर पुरावा आहे आणि आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे चालतो. गॅझेट म्हणजे आणखी एक कागद, आणखी एक स्पेलिंग, आणखी एक चुकायची जागा.

चष्मिष्ट

इथे मी दप्तरदारांशी सहमत नाही, निदान दोन प्रकारच्या लोकांसाठी तरी. एक, सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असलेल्या किंवा त्या तयारीत असलेल्या. सेवापुस्तकात नावबदलाची नोंद करताना बहुतेक आस्थापना शाखा गॅझेटच मागतात, आणि कागद तपासणीच्या दिवशी ते नसेल तर धावपळ होते. दोन, दोन्ही आडनावं लावणाऱ्या. माहेरचं आणि सासरचं अशी जोडून आडनावं घेतली तर ते नवं नाव मॅरेज सर्टिफिकेटवरून आपोआप निघत नाही. तुम्ही नेमकं कोणतं नाव धारण केलं आहे हे गॅझेटच सांगतं.

बाकीच्यांना गरज नाही, हे मान्य.

दप्तरदार

जोड आडनावाचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्याकडून राहिला. सेवापुस्तकाचंही मान्य.

चष्मिष्ट

गॅझेट करणाऱ्यांसाठी तपशील. अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतो. मुंबईला चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात स्वतः जायची गरज आता नाही. नावबदलाच्या जाहिराती राजपत्राच्या भाग दोनमध्ये येतात आणि तो साप्ताहिक निघतो. फी ऑनलाइन भरायची. एजंट याच कामाचे कित्येक पट पैसे घेतात आणि अर्जात चूक त्यांच्याकडूनही होते, त्यामुळे अर्ज स्वतःच भरा.

जाहिरात तुम्ही टाइप केली तशीच छापली जाते. कुणी स्पेलिंग तपासत नाही. जुन्या नावाच्या रकान्यात दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जसंच्या तसं टाका, मधल्या नावासकट. आधारवर जुनं नाव थोडं वेगळं असेल तर 'उर्फ' लावून दोन्ही लिहा. नव्या नावाच्या रकान्यात मात्र एकच नाव. तिथे उर्फ लावलं की प्रत्येक कार्यालय विचारतं, यातलं कोणतं? छापून आल्यावर स्वतःची चूक दिसली तर पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

अंक निघाला की डिजिटल सही असलेली पीडीएफ उतरवून दोन-तीन जागी जपून ठेवा. प्रिंट काढताना आपली जाहिरात असलेलं पान घ्या, आणि त्यावर राजपत्राचं शीर्षक, भाग आणि तारीख दिसत नसेल तर पहिलं पानही जोडा. नुसता आपल्या नावाचा चौकोन कापून दिलेला कागद परत येतो.

उंबरठा

खूप उपयोगी. आता आधारबद्दल.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लहानपणी चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त केलं असेल तर तीही एक वेळ धरली जाते. म्हणून लग्नानंतरचा बदल घाईत करू नका, आणि नव्या नावात अक्षराची चूक राहू देऊ नका. ती सुधारायला उरलेली एकमेव संधी खर्च होते. दोन्ही वेळा संपल्या की साध्या केंद्रावर काम होत नाही, १९४७ या आधारच्या हेल्पलाइनवर फोन करून प्रादेशिक कार्यालयामार्फत विनंती करावी लागते आणि सबळ कागद दाखवावे लागतात.

१ ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता अशा बदलांना ७५ रुपये आणि बायोमेट्रिकला १२५ रुपये घेतात. नाव, पत्ता, मोबाइल एकाच फेरीत बदलले तर एकदाच फी लागते. म्हणून सासरचा पत्ता टाकायचा असेल तर तोही त्याच दिवशी. नव्या पत्त्याचा पुरावा स्वतःच्या नावावर नसेल तर कुटुंबप्रमुख म्हणून पतीच्या आधारचा आधार घेऊन पत्ता बदलता येतो, नात्याचा पुरावा म्हणून पुन्हा तेच मॅरेज सर्टिफिकेट.

निळी_शाई

केंद्रावरच्या त्या पाच मिनिटांबद्दल लिहायलाच हवं.

मूळ प्रमाणपत्र न्या. ते स्कॅन होतं, झेरॉक्स चालत नाही. लॅमिनेशन केलेलं असेल तर स्कॅनमध्ये चकाकी येते आणि शिक्का वाचता येत नाही, म्हणून मॅरेज सर्टिफिकेटला लॅमिनेशन करूच नका. ऑपरेटरने नाव टाकल्यावर तुमच्यासमोरच्या स्क्रीनवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही दिसतात. इंग्रजी बरोबर असलं तरी मराठी यंत्राने आपोआप तयार केलेलं असतं. ण चा न होतो, ळ चा ल होतो, ज्ञानेश्वरचं भलतंच काहीतरी होतं, पाटीलमधली दीर्घ टी ऱ्हस्व होते. ते हाताने दुरुस्त करता येतं, पण सांगावं तुम्हालाच लागतं. नंतर पोचपावती छापून येते, तीही तिथेच उभं राहून वाचा. चूक दिसली तर लगेच ऑपरेटरला सांगा. दारातून बाहेर पडलं की ती तुमची.

अर्ज नाकारला जायचं नेहमीचं कारण म्हणजे मागितलेलं नाव कागदावरून सिद्ध न होणं. सर्टिफिकेटवर नवरा 'अनिल शंकर जाधव' आहे आणि मागणी 'मेघा अनिलकुमार जाधव'ची आहे, तर नाकारणारच. दुसरं कारण धूसर स्कॅन.

वहीखाते

पॅनबद्दल मी लिहितो.

आधार झाल्यावरच पॅनला हात लावा. ऑनलाइन अर्जात आधारवरून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करायचा पर्याय घेतला तर नाव आधारवरचंच येतं. आधी पॅन बदललं आणि आधार जुनंच राहिलं तर दोघांची जोडणी तपासताना नाव जुळत नाही.

अर्ज प्रोटियन किंवा यूटीआयआयटीएसएल या पॅनचं काम बघणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर. नव्या पॅनचा अर्ज भरू नका. 'पॅनमधील बदल किंवा दुरुस्ती' हाच फॉर्म निवडा. फॉर्ममध्ये ज्या माहितीत बदल हवा तिच्या शेजारच्या चौकोनात खूण करायची असते. ती राहिली तर नवं नाव लिहूनही ते बदलत नाही, जुन्याच नावाचं कार्ड घरी येतं. फी शंभर रुपयांच्या आसपास. पुरावा म्हणून विवाहितेला मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेट, पतीचं नाव असलेला पासपोर्ट चालतो. लग्नपत्रिकाही त्यांच्या यादीत आहे, पण सर्टिफिकेट असताना पत्रिका देऊ नका.

आता वारंवार विचारल्या जाणाऱ्या दोन शंका. पॅनकार्डवर लग्नानंतरही वडिलांचंच नाव राहतं. पतीचं नाव छापायची सोयच नाही, त्यामुळे वडिलांच्या रकान्यात पतीचं नाव लिहू नका. आणि पॅन क्रमांकाचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. कुलकर्णीची देशमुख झाली तरी ते 'के' तसंच राहतं. क्रमांक जन्मभर तोच. "पाचवं अक्षर जुळत नाही, नवीन पॅन काढा" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन पॅन बाळगणं हा दंडाचा विषय आहे, दहा हजार रुपयांपर्यंत.

कोरा_कागद

मार्चमध्ये पॅन बदलायला टाकलं तर रिटर्नचं काय होतं? फॉर्म १६ जुन्या नावाने आला तर?

वहीखाते

टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापलेला कर, पॅन क्रमांकावर जमा होतो, नावावर नाही. त्यामुळे फॉर्म १६ वर जुनं नाव असलं तरी पैसे हरवत नाहीत. रिटर्न भरताना नाव पॅनच्या नोंदीतून येतं. अडतं ते परताव्यात. ज्या बँक खात्यात परतावा यायचा ते खातं आयकर पोर्टलवर आधी प्रमाणित करावं लागतं, आणि खात्यावरचं नाव पॅनशी जुळत नसेल तर प्रमाणीकरण फेल होतं. म्हणून पॅन बदलल्यावर त्याच आठवड्यात बँकेत जा. रिटर्नची मुदत तोंडावर असेल आणि अजून काहीच बदललं नसेल, तर आधी जुन्या नावाने रिटर्न भरा, परतावा येऊ द्या, मग बदलाला लागा.

डीमॅट आणि म्युच्युअल फंडाचंही तसंच. तिथली केवायसी पॅनवर चालते. नाव जुळलं नाही तर केवायसी 'होल्ड'वर जाते आणि नवी खरेदी थांबते. एका संस्थेमार्फत केवायसी सुधारली की ती केंद्रीय नोंदीत जाते, पण जुन्या फोलिओंवरची, म्हणजे फंडांतल्या खात्यांवरची, नावं बदलली का हे प्रत्येक ठिकाणी बघा.

दप्तरदार

बँकेत वाद घालायची वेळ आली तर एक नियम लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निदेशांत स्पष्ट म्हटलं आहे की ओळखीचा कागद जारी झाल्यानंतर नाव बदललं असेल, तरी राज्य सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र सोबत असेल तर जुन्या नावाचा तो कागद वैध धरायचा. म्हणजे नव्या नावाचं आधार अजून आलं नसेल तरी जुनं आधार आणि मॅरेज सर्टिफिकेट यावर काम व्हायला हवं. काउंटरवर "आधार आल्याशिवाय होणार नाही" म्हणाले तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की सूर बदलतो.

बँकेत नाव बदलताना सहीचा प्रश्न येतो. सहीत आडनाव असेल तरच सही बदलावी लागते, पण बदलायची असेल तर त्याच दिवशी नमुना सही द्या. जुन्या सहीचे चेक कुणाला देऊन ठेवले असतील तर ते आधी वटू द्या किंवा परत घ्या. खातं क्रमांक तोच राहतो, त्यामुळे हप्ते आणि एसआयपी चालू राहतात. मुदत ठेवी, लॉकर, डेबिट कार्ड, चेकबुक हे मात्र आपोआप बदलत नाही, अर्जात एकेकाचा उल्लेख करा. आणि नॉमिनी! लग्नाआधीच्या ठेवींवर कोण नॉमिनी आहे हे बघायची हीच वेळ.

शिलेदार

पीएफचं थोडक्यात. यूएएनवरचं, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावरचं, नाव आधारशी जुळायला हवं, म्हणून आधारनंतर लगेच. जानेवारी २०२५ पासून प्रक्रिया बरीच सोपी झाली आहे. १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जोडलेला यूएएन असेल तर पोर्टलवर स्वतःच नाव बदलता येतं. जुन्यांना संयुक्त घोषणा भरून कंपनीची मंजुरी घ्यावी लागते. नोकरी सोडायच्या बेतात असाल तर राजीनाम्याच्या आधी हे उरका, कंपनी सोडल्यावर मंजुरीसाठी मागे लागावं लागतं. ई-नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने भरा, जुन्यावर विसंबू नका.

प्रवासी_पक्षी

पासपोर्टबद्दल पहिली सूचना: लग्नानंतर लगेच परदेशी जायचं असेल तर पासपोर्टला हात लावू नका. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं, आधारशी नाही. परत आल्यावर बदला.

नाव बदलणं म्हणजे 'रीइश्यू'. ३६ पानांच्या पासपोर्टला १५०० रुपये, ६० पानांच्या २०००, तत्काळला वर २०००. अर्जात 'वैयक्तिक तपशिलात बदल' हे कारण निवडा. जुना पासपोर्ट मूळ, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन-दोन पानांची सही केलेली झेरॉक्स, मॅरेज सर्टिफिकेट आणि नव्या नावाचे पुरावे. पोलीस पडताळणी लागू शकते, तेव्हा पत्त्यावर घरी कुणीतरी असायला हवं आणि शेजाऱ्यांना नवं नाव माहीत असायला हवं. हे गमतीचं वाटेल, पण पडताळणीत नाव विचारलं जातं.

पतीचं नाव पासपोर्टवर घालणं आणि स्वतःचं नाव बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसऱ्याशिवाय करता येते. त्यासाठी नाव बदलायचा आग्रह कुणी धरू शकत नाही.

अर्जात नाव दोन खान्यांत तुटतं. पहिल्या खान्यात स्वतःचं आणि पतीचं नाव, दुसऱ्यात फक्त आडनाव. सगळं पहिल्या खान्यात भरून आडनावाचा खाना रिकामा सोडू नका. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक प्रवेश बंद केला, तेव्हा अनेकांची प्रवासाच्या तोंडावर अडचण झाली.

जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर रद्द केलेला पासपोर्ट फेकू नका, दोन्ही बरोबर ठेवावे लागतात. नाव बदलल्यावर तो व्हिसा चालेल का हे त्या त्या देशाच्या दूतावासाला लेखी विचारा.

जोड आडनाव घेणाऱ्यांसाठी: मधल्या रेघेपेक्षा मोकळी जागा बरी. पासपोर्टच्या तळाच्या यंत्रवाचनीय ओळीत रेघ येत नाही, विमान कंपन्यांच्या प्रणालीतही गळते. मग आधारवर रेघ आणि तिकिटावर नाही असा फरक राहतो.

अक्षता

शिक्षणाच्या आणि जातीच्या कागदांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला लग्नाच्या कारणाने बदलत नाहीत आणि बदलायची गरजही नाही. तो त्या काळातला पुरावा आहे. जुनी गुणपत्रिका, मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट, आणि नव्या नावाचं आधार ही साखळी पुरते. स्पर्धा परीक्षांच्या अर्जात नाव दहावीप्रमाणे भरायचं आणि नाव बदललं असल्याचा वेगळा रकाना असेल तो प्रामाणिकपणे भरायचा. तो रिकामा सोडून प्रवेशपत्रावर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असं झालं की परीक्षा केंद्राच्या दारात अडवलं जातं. त्या दिवशी मॅरेज सर्टिफिकेटची मूळ प्रत सोबत हवी.

जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावानेच राहतं. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सुनीता सिंह प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं. पतीच्या जातीचा दाखला आपल्या नावावर काढायच्या फंदात कुणी पडू नये, नोकरी जाते. नॉन-क्रिमिलेअरसाठीही आईवडिलांचीच स्थिती बघतात, पतीचं उत्पन्न नाही. सेतू केंद्रात काही वेळा पतीचा उत्पन्नाचा दाखला मागतात, तिथे हा मुद्दा शांतपणे मांडा.

सातबारा

मालमत्तेचं.

लग्नाआधी घेतलेली सदनिका किंवा वारसाने आलेली शेतजमीन जुन्या नावाने असेल तर दस्त बदलता येत नाही आणि बदलायची गरज नाही. मालकी नावबदलाने जात नाही. पुढे विक्री किंवा बक्षीसपत्र करताना दस्तात 'मेघा अनिल जाधव, लग्नापूर्वीचे नाव मेघा वसंत शिंदे' असा स्पष्ट उल्लेख करा आणि मॅरेज सर्टिफिकेट जोडा. गावी वारसनोंद होत असेल तेव्हा फेरफारात दोन्ही नावं येतील याची काळजी घ्या, तलाठ्याला अर्जातच लिहून द्या. बहिणींचं नाव 'सापडत नाही' म्हणून वगळलं जाण्याचे प्रकार याच फटीतून घडतात. नोटिशीवर लक्ष ठेवा, हरकतीसाठी पंधरा दिवसच असतात.

मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव बालकाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं ठरलं. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या कागदांवर लग्नापूर्वीचं नाव लावायची मुभा आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात कुणी "सासरचंच नाव पाहिजे" म्हणालं तर हा निर्णय दाखवा.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. उरलेलं भरभर लिहिते. मतदार यादीसाठी फॉर्म ८, नाव दुरुस्ती आणि पत्ताबदल दोन्हींना तोच, फुकट. नवीन मतदाराचा फॉर्म ६ पुन्हा भरू नका, एकाच व्यक्तीचं नाव दोन ठिकाणी असणं कायद्याला धरून नाही. रेशनकार्डाला आधी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, मग सासरच्या कार्डावर वाढ. लायसन्स परिवहनच्या सारथी पोर्टलवरून. विमा पॉलिसींना साधा अर्ज आणि सर्टिफिकेट, नॉमिनीसह.

कोरा_कागद

शेवटची शंका. कुठेकुठे "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं ॲफिडेव्हिट मागतात. त्यात नेमकं काय लिहायचं?

दप्तरदार

विमा, जुन्या ठेवी, विद्यापीठ, खासगी कंपन्या हे मागतात. मजकूर छोटा ठेवा: "माझे विवाहापूर्वीचे नाव अमुक. दिनांक अमुक रोजी माझा विवाह अमुक यांच्याशी झाला, विवाह नोंदणी क्रमांक अमुक. विवाहानंतर मी अमुक हे नाव धारण केले आहे. अमुक गुणपत्रिकेवरील आणि अमुक आधारवरील नावे माझीच, एकाच व्यक्तीची आहेत." नाव जिथे जिथे वेगळं आहे ते प्रत्येक कागदपत्र क्रमांकासह लिहा. "माझी सर्व कागदपत्रे" असं मोघम लिहिलेलं ॲफिडेव्हिट परत येतं.

मुद्रांकाचं: ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक १०० वरून ५०० रुपयांवर गेला. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मात्र सूट आहे, ते साध्या कागदावर चालतं. म्हणून आधी विचारा की कागद कुठे द्यायचा आहे, मगच स्टॅम्प घ्या. नोटरीकडे गेलात तर शिक्क्याशेजारी त्याच्या नोंदवहीचा क्रमांक आणि तारीख पडली का ते बघा, आणि दोन मूळ प्रती करून घ्या, कारण एक प्रत हमखास कुठेतरी जमा होते.